दिव्याची ज्योत आत वळली

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझी मावसबहीण सेजल उगाच काही रचून सांगणारी नव्हे, आणि भुताखेतांवर तर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

गेल्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. गोव्यात, पेडण्यातलं पार्से.

तिथे सड्यावर काजूची रोपं बाटल्यांत वाढवणारी एक लहानशी लॅब आहे. सेजल तिथेच कामाला. त्या दिवसांत तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. एका जुन्या काजूचे कोंब तिने बाटल्यांत लावले, आणि पाठोपाठ ते झाड वणव्यात जळालं. आता ती जात उरली होती फक्त त्या बाटल्यांत.

आणि एकेका बाटलीला काळी बुरशी धरत होती.

वॉचमन बाबलीकाका म्हणत, हा देवचाराचा कोप. गावाची राखण करत फिरणाऱ्या देवचारासाठी त्यांनी लॅबच्या आतल्या दाराशी कोऱ्या वहाणा ठेवल्या होत्या. सेजलने त्या उचलून व्हरांड्यात टाकल्या.

"बाय, ही तेची वाट. वहाणो हयच ऱ्हवांदेत."

"काका, भायली माती भितर येता. बुरशी लागता ती अशीच!"

"मगे तूच तेका सांग."

त्या रविवारी काका जेवायला घरी गेले. सेजलने आतून कडी घातली. शेवटचा स्वच्छ कोंब नव्या बाटलीत हलवायचा होता. हातांना स्पिरिट, तोंडाला मास्क. समोर लॅमिनार, म्हणजे गाळलेली हवा तोंडावर सोडणारी पेटी. पेटीत स्पिरिटचा दिवा.

बाटली उघडी असताना बोलायचं नाही. मागे वळायचं नाही. हा तिथला पहिला नियम.

तिने झाकण काढलं, आणि...

कर्र... कर्र...

कोऱ्या चामड्याचा आवाज. बंद दाराच्या आत!

वळावं? वळली असती तर कोंब हातचा गेला असता. ती वळली नाही.

पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली.

पेटीतली हवा बाहेर येते, म्हणून ज्योत नेहमी सेजलकडे झुकते. आता ती ज्योत...

उलटी वळली. आत.

तिच्या खांद्यावरून कुणीतरी हळूच फुंकर घालत होतं.

सेजलने तशीच चिमट्याने कोंब लावला, झाकण घट्ट केलं आणि न वळताच पुटपुटली, "एवढो एक जगांदे."

वळून पाहिलं. कुणी नाही. कडी जशीच्या तशी.

संध्याकाळी वहाणा तिने स्वतःच्या हाताने आत आणून ठेवल्या.

बाकीच्या बाटल्या गेल्या. तो कोंब मात्र जगला, त्याला फुटवेही आले. लॅबचे सर म्हणतात, नवा फिल्टर बसवला म्हणून. पण ज्योत नेहमीसारखी बाहेर झुकलेली असताना उघडलेली बाटली हटकून काळी पडते, हे सेजलला पुरतं कळून चुकलंय. म्हणून ती दिवा पेटवून नुसती बसून राहते... पाठीमागे चाहूल लागेपर्यंत.

परवा मी विचारलं, "तुका भय वाटणा नाय गो?"

"वाटता," ती म्हणाली. "चार दिस झाले, तो इलोच नाय."