अडतीस प्रयोगवह्या

पहिली घंटा व्हायच्या आत मुख्याध्यापिकांचा निरोप ग्रंथालयात आला: ताबडतोब या.

ग्रंथपाल घाबरले. बोलावणं आलं की आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना तीस वर्षं वाटत आलं होतं.

शिक्षकखोलीतलं कपाट उघडं होतं. इतिहासाची टिपणं जागेवर. भाषेचे निबंध जागेवर. वरच्या वर्गाच्या अडतीस प्रयोगवह्या मात्र गायब. कुलूप शाबूत.

“उद्या बाहेरचे परीक्षक येणार,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “काल गठ्ठे मॉनिटर मुलीने ठेवले. चावी तिच्याच हातात होती. संध्याकाळपर्यंत वह्या मिळाल्या नाहीत, तर दाखला देऊन घरी पाठवते. माझ्यापुढे तोंड उघडत नाही. तुम्हाला काका म्हणते ना, तुम्ही विचारा.”

मुलगी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसली होती.

“वह्या तू नेल्यास?”

“नाही, काका.”

“चावी?”

“शिक्षकखोलीतल्या खिळ्याला अडकवली. रोजच्यासारखी.”

“मग बाईंपुढे गप्प का?”

“बोलले तर विचारतील, वहीत काय लिहिलं होतंस.”

“काय लिहिलं होतंस?”

ती नखं कुरतडू लागली. “जे पाहिलं ते. निरीक्षण म्हणजे तेच ना?”

ग्रंथपाल प्रयोगशाळेत गेले. तापमापकांच्या खोक्यावर दुकानाची कागदी पट्टी अजून चिकटलेली होती. बेसिन तुंबलं होतं, पाणी जांभळट. विज्ञानाचे सर बाह्या सरसावून नळीत तार खुपसत होते.

“मिळाल्या का वह्या?” सरांनी विचारलं.

“नाही. पाणी उकळायचा प्रयोग होता ना त्यात? तापमान कसं आलं पोरांचं?”

“सगळ्यांचं बरोबर. आणि शाईच्या पेनाने, सुवाच्य. माझी सक्तीच असते.”

भाषेच्या बाई निबंधांचे गुण मांडत होत्या.

“त्या मुलीला किती?”

“वीसपैकी अकरा. विषय होता ‘माझा अभिमानाचा क्षण’. बाकीच्यांनी बक्षीस, टाळ्या, आईच्या डोळ्यांत पाणी, सगळं घातलं. ही लिहिते, ‘मी प्रयोगवहीत खरं लिहिलं आणि त्यावर बरोबरची खूण मिळाली.’ हा काय क्षण झाला? काल चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं. सगळे हसले.”

“सगळे?”

“विज्ञानाचे सर सोडून. त्यांना कुठे विनोद कळतो! चहा तसाच टाकून तासाला गेले.”

“तेव्हा तास होता त्यांना?”

बाई वेळापत्रकाकडे बघत राहिल्या. “नव्हता की.”

दुपारी ग्रंथपालांच्या सांगण्यावरून मुख्याध्यापिकांनी सरांना खोलीत बोलावलं. ग्रंथपालांनी चष्मा तीनदा पुसला.

“माझं चुकतही असेल. पण नेणाऱ्याला एकच वही नको होती. एकटी तीच गेली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, तीत होतं काय? म्हणून गठ्ठाच गेला. तापमापकांचं खोकं अजून फोडलेलं नाही, तरी तापमान सगळ्यांचं बरोबर. म्हणजे आकडा फळ्यावरून उतरवला. सदतीस जणांनी. अडतिसावीने निरीक्षणात लिहिलं, प्रयोग झालाच नाही. सरांनी न वाचता खूण केली, खाली सही. हे त्यांना काल चहा पिताना कळलं. खिळ्यावरची चावी घेतली, वह्या फाडून बेसिनमध्ये भिजवल्या. निळी शाई मुलांची, लाल त्यांची. पाणी जांभळं झालं.”

सरांनी नाही म्हटलं नाही.

“पाच वर्ग, दोनशे वह्या. वाचू कधी?” ते म्हणाले. “प्रयोगाचा तास तर गेल्या वर्षीच वेळापत्रकातून काढला. मी काढला का तो?”

मुख्याध्यापिकांनी टेबलावरचे कागद नीट केले. वेळापत्रकावर सही त्यांची होती.

“मुलगी सुटली ना?” ग्रंथपालांनी विचारलं.

“सुटली. पण हे वर कळवलं तर अडतीस जणांना शून्य. तिलासुद्धा. आजच पुन्हा लिहून घ्या. तुम्हीही बसा वर्गात.”

ग्रंथपालांना बरंच काही बोलायचं होतं. ते वर्गात जाऊन बसले.

कोऱ्या वह्या वाटल्या गेल्या. सरांनी फळ्यावर शंभर लिहिलं, खडू मोडला. पेनं चालू लागली. मुलीने उद्देश लिहिला, साहित्य लिहिलं, कृती लिहिली. मग हात वर केला. सरांकडे तिने पाहिलंच नाही.

“काका, निरीक्षणात काय लिहू?”

सगळी पेनं थांबली. ग्रंथपालांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिले.