चाळीस वर्षांचा घोट

बडनेरा स्टेशनावर रागिणीच्या हातातली पिशवी उसवली आणि वरूडच्या मामानं दिलेली संत्री फलाटभर पळाली. त्यातलं एक एका तरुणानं उचललं, पण परत देईना — डोळे मिटून हुंगतच उभा!

"खायचं तर खा, पण हुंगून कावून राहिले?"

"माही नोकरीच नाकाची हाय," तो हसला. "जीवन. अकोल्याचा. व्हिस्कीच्या कारखान्यात चाखाचं काम करतो."

रागिणीचं हसू तिथंच मावळलं. तिचे वडील जानराव दारूपायी गेले होते. ते घरी आले की आई, लीलाबाई, दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. ते गेले, तिची सवय गेली नाही. आता ती लेकीचा वास घेते. असल्या घरात दारू चाखणारा जावई?

तरीही फोन सुरू झालेच, आणि बाबांचंही त्याला सांगून झालं. माणूस भलताच गोड... आणि जितका गोड, तितकी तिला धडकी भरायची. पिण्याआधी बाबाही असेच गोड असायचे.

मग एका दुपारी अमरावतीत, त्याच्या बहिणीच्या — बेबीताईच्या — गच्चीवर त्यानं करंगळीएवढी कुपी काढली. चाळीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की. तिथल्या भट्टीत तसली एकदाच गाळली, मग भट्टीच बंद पडली. कारखान्याच्या साहेबांनी खूश होऊन त्याला दिलेली.

"हे कामाची नाही, सुखाची हाय. तुह्यासंगच घ्याची म्हून ठेवली."

रागिणी त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. पहिल्या घोटानंतर बाबांचे डोळे कसे बदलायचे, ते तिला पाठ होतं. याचे तसे झाले, तर ती उठून जाणार होती... कायमची.

त्यानं ग्लास हलवला, हुंगला, थेंबभर पाणी घातलं. घोट घेतला. डोळे मिटले. रागिणीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं —

आणि त्यानं तो घोट पचकन शेजारच्या बादलीत थुंकला!

"अरे बापा!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "सवय! रोज चाखतो आन थुकतो... चाळीस वर्सं गेली ना बादलीत!"

त्याचा रडवेला चेहरा पाहून रागिणी हसत सुटली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"जीवन... मी लय भेली होती."

"मीबी. तू उठून जाशीन म्हून."

ग्लासात अर्धा घोट उरला होता. तो तिनंच उचलला. आपल्यातही बाबांचंच रक्त आहे ना? तरी तिनं तो ओठांना लावला. जिभेला आधी जाळ लागला, मग धूर, मग... वाळलेल्या संत्र्याची साल. तिनं ग्लास खाली ठेवला. आणखी नकोसं वाटलं, आणि तेवढ्यानंच तिला सुटल्यासारखं झालं.

संध्याकाळी लीलाबाई दारातच उभी होती. तिनं नाक पुढं केलं आणि पांढरीफटक पडली.

रागिणी मागं सरली नाही.

"आई, मी चाखली. त्यानं थुकली. मले तोच पायजे. रविवारी येऊन राहिला तो... अशीच दारात उभी राय, आन घे त्याचा वास."