मे महिन्यातली ओली कारवी

काशीगावचा रुडॉल्फ विषमज्वरातून उठला खरा, पण वासाची जाण गमावून. बायको डेझी चुलीत बोंबील भाजायची, तरी त्याला पत्ता नसायचा. एकोणीसशे अडतीसचा मे चालला होता. घराची कुडाची भिंत एका बाजूनं ढासळली होती, म्हणून दोघं सकाळीच कारवीच्या काठ्या आणायला डोंगरावर निघाली. डेझीला पाचवा महिना होता. "तू ऱ्हा घरी," म्हटलं तर ऐकेल ती डेझी कसली!

रान तापलं होतं. सागाचा वाळका पाचोळा, पिकली करवंदं, मधेच उन्हात उकळणाऱ्या डिंकाचा गोडसर दरवळ. डेझी एकेक वास त्याला सांगत चालली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हेच वास त्यानं तिला ओळखायला शिकवले होते.

कोरड्या ओढ्याशी तो थबकला.

"डेझी... शेवाळाचा वास येतोय."

ती हरखली. पण ओढ्यात नुसते तापलेले धोंडे होते.

"भिजल्या मातीचा पण... कारवी फुललीय गं!" म्हणत तो भराभर वर चढू लागला.

कारवी आठ वर्षांतून एकदा, तीही पावसाळ्यातच फुलते; डेझी पोट सावरत त्याच्यामागे धावली. आठ वर्षांपूर्वी, कारवी फुलली होती त्या पावसाळ्यात, ह्याच ओढ्याच्या लोंढ्यानं त्याच्या धाकट्या भावाला, पायसला, अंगावरच्या घोंगडीसकट ओढून नेलं होतं. देहही सापडला नव्हता. तेव्हापासून रुडॉल्फनं भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

कड्याच्या टोकाशी तिनं त्याला गाठलं. तो डोळे मिटून हसत उभा होता.

"ओल्या घोंगडीचा वास... पायस हितंच हाय. चल म्हणतोय..."

"न्हाय! तुझं पोर हाय माझ्या पोटात. त्याला काय सांगू मी?" तिनं त्याचा सदरा गच्च धरला.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"गेला..." म्हणाला, आणि पोरासारखा रडला. काठ्या न तोडताच दोघं खाली आली.

त्यानंतर त्याला कसलाच वास कधी आला नाही. सप्टेंबरात डेझीला मुलगा झाला. सुईणीनं बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, शेक दिला, पुन्हा पुसलं.

"पोरी... ह्याचं जावळ सुकत का न्हाय गं?"

रुडॉल्फनं बाळाला उचलून छातीशी धरलं. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याच्या सदऱ्यावर ओल हळूहळू पसरत गेली...