डाव्या बाजूचं मागचं दार

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मी कुणाच्या गळ्याची शपथ घेणार नाही. माझ्या दुकानात घडलंय, माझ्या हातांनी घडलंय, एवढं मला पुरे आहे.

आणि भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यांना मी एकदा माझ्या शेडमध्ये भरदुपारी आणून बसवणार आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोमवार ते बुधवार, तीन दिवस. वेळ दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.

मी गाड्यांचं आतलं काम करतो. सीट, छताचं कापड आणि दारांची पॅनेलं. पॅनेल म्हणजे दाराच्या पत्र्यावर आतून बसवलेलं प्लास्टिकचं आवरण, ज्यावर तुम्ही कोपर टेकवता. उन्हाने ते वाकतं, क्लिपा तुटतात, गोंद सुटतो आणि लोक माझ्याकडे येतात. एकवीस वर्षं हेच करतोय. माझा एक नियम आहे, तो मी येईल त्याला ऐकवतो. दार बसवलं की आत बसायचं, दार लावायचं आणि आतून उघडून बघायचं. त्याशिवाय गाडी शेडबाहेर जात नाही.

फार घमेंड होती मला त्या नियमाची.

आता ताईचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी सख्खी मोठी बहीण. तिला दम्याचा त्रास होता. त्यात जिन्यावरून पडून उजवा पाय प्लास्टरमध्ये. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात भावोजी तिला डॉक्टरकडून घरी आणत होते. ती मागे, डाव्या दाराशी बसलेली, प्लास्टरचा पाय सीटवर आडवा पसरलेला. वाटेत दम लागला आणि हातातला दम्याचा पंप संपलेला निघाला. दुपारी दोनला भावोजींनी गाडी रस्त्याकडेला लावली, सवयीने लॉक केली आणि पंप आणायला औषधाच्या दुकानात पळाले. तिथे रांग. परत यायला वीस मिनिटं लागली.

काचा बंद. डोक्यावर ऊन. ताई गेली.

भावोजी एकच वाक्य बोलत राहिले. दार आतून उघडलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते दार मी बसवलेलं होतं, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी. मी सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांची कॉलर धरली. म्हटलं, खोटं बोलतोस. स्वतः निवांत रांगेत उभा राहिलास आणि आता माझ्या कामावर ढकलतोस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. ते दार बघायलाही गेलो नाही. गरजच वाटली नाही मला.

ताईची मुलगी, आमची खारू, तेव्हा तेरा वर्षांची. दिवसभर तुरुतुरु पळायची म्हणून खारू. तिला मी आमच्या घरी आणलं. आई आणि मी सांभाळू म्हटलं. रोज जेवताना तिच्या कानात तेच ओतलं, की तुझ्या बापाने तुझ्या आईला कोंडून मारलं.

वर्षभर ती बापाशी बोलली नाही. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

आणि त्या सोमवारी सकाळी भावोजी तीच गाडी घेऊन माझ्या शेडसमोर उभे.

मी हातोडी खाली ठेवली नाही. ते शांतपणे बोलले. बदली झाली आहे, दुसऱ्या गावी जायचं आहे, रविवारी येऊन खारूला विचारणार आहेत, येते का म्हणून. गाडी विकायची आहे, पण मागच्या डाव्या दाराचं पॅनेल राहत नाही. दोनदा बसवलं, दोनदा पडलं. गिऱ्हाईक परत जातं.

खारूचं नाव ऐकून माझं डोकं सटकलं. रविवारी दारात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन म्हणालो. पण गाडी ठेवून घेतली. का, तर रविवारी ते दार खाडकन उघडून दाखवायचं होतं. खारूसमोर. म्हणजे ती परत कधी बापाचं नाव काढणार नाही.

पॅनेल खालून सुटलं होतं, वरून घट्ट होतं. मी वरचा भाग काढलाच नाही. खाली आठ नव्या क्लिपा ठोकल्या, चिकटवायचं सोल्यूशन लावलं. अर्ध्या तासाचं काम.

मग आत बसून दार तपासायचं होतं. पण त्या सीटवर मला बसवेना.

माझंच काम आहे, त्यात तपासायचं काय, असं म्हटलं आणि तसाच डबा खायला बसलो. दुपारी आमच्या गल्लीतली सगळी दुकानं बंद असतात. समोरचा बॅटरीवाला घरी जेवायला जातो, पलीकडचा पंक्चरवाला झोपतो. सगळीकडे चिडीचूप.

आणि...

टक.

मी घास हातात धरून थांबलो.

टक... टक...

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. गाडीचं आतलं हँडल कुणीतरी ओढत होतं. ओढून सोडत होतं.

उठून गेलो तर आत कुणी नाही. पॅनेल खालून सुटून लोंबत होतं. आणि आठही क्लिपा सीटवर पडल्या होत्या. एकही तुटलेली नाही. पडल्या म्हणजे ठेवल्यासारख्या, एका ओळीत.

घड्याळात दोन वीस.

मला भीती वाटली नाही. राग आला. वाटलं बॅटरीवाल्याने चेष्टा केली. तो आल्यावर त्याची बिनपाण्याने हजामत केली. तो बिचारा तोंडात सुपारी धरून बघत राहिला. मी पुन्हा सगळं बसवलं, यावेळी सोल्यूशनचा अर्धा डबा संपवला.

मंगळवारी गाडीची चारही दारं लॉक केली. किल्ली खिशात.

दोन वीसला पुन्हा...

टक... टक... टक... टक...

यावेळी घाईघाईने. जो ओढत होता त्याला धीर नव्हता.

मी काचेतून पाहिलं. हँडल आपोआप मागे येत होतं आणि सुटत होतं. मागे येत होतं... सुटत होतं. मग थांबलं.

क्लिपा पुन्हा सीटवर. एका ओळीत.

त्या रात्री खारू माझ्या शेजारी जेवत होती आणि मी माझं ताट बाजूला सारलं. आईने विचारलं, तर तिच्यावरही खेकसलो.

बुधवारी सकाळी पॅनेल पुन्हा बसवलं आणि ठरवलं की आता बास. माणूस असो, उंदीर असो, काहीही असो, आत बसूनच पकडायचं. दोन वाजता मी मागच्या सीटवर बसलो. ताईच्या जागेवर. किल्लीवरच्या बटणाने सगळी दारं लॉक केली आणि किल्ली सवयीने पुढच्या सीटवर टाकली. गाडी शेडबाहेर, उन्हात उभी होती.

पाच मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला.

दहा मिनिटांत श्वास जड झाला. मला दमा नाही. तरी छातीतून बारीक शिटी वाजू लागली. ती शिटी मी लहानपणापासून शेजारच्या अंथरुणातून ऐकलेली होती.

दोन वीस.

आवाज आला नाही.

त्याऐवजी माझा हात... माझा हात हँडलवर गेला. मी नेला नव्हता. आणि त्याने हँडल ओढलं.

टक.

दार उघडलं नाही.

मग मात्र मी स्वतः ओढलं. जोर लावून. टक... टक... टक... हँडल नुसतं हलत होतं. त्याच्यामागे काही नव्हतंच. मी खांदा मारला, काचेवर मुठी मारल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. पुढे झेपावून किल्ली घ्यावी एवढं साधं डोक्यात येईना, उजवा पाय दगडासारखा जड झाला होता. मी ओरडलो. काय ओरडलो माहीत आहे?

भावोजी.

आणि पॅनेल सुटलं. वरपासून खालपर्यंत, सगळं, हळूच माझ्या मांडीवर येऊन टेकलं.

पत्र्यामागे दाराची दांडी दिसली. आतलं हँडल ओढलं की ती लोखंडी दांडी ओढली जाते आणि बाहेरून लॉक केलेलं असलं तरी दार उघडतं. दांडी हँडलला धरून ठेवायला बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं लॉक असतं. इथे लॉक नव्हतं. काळ्या टेपचा वेढा होता, उन्हाने पाघळून खाली सरकलेला. दांडी मोकळी लोंबत होती.

ती टेप मी गुंडाळली होती.

सगळं आठवलं. त्या दिवशी लॉक माझ्याच हातून तुटलं होतं. माझ्याकडे दुसरं नव्हतं. टेपने काम झालं. नियमाप्रमाणे आत बसलो, दार उघडून पाहिलं, उघडलं. ताईला म्हटलं, उद्या नवीन आणून लावतो. ती म्हणाली, सावकाश लाव रे, घाई काय आहे. नवीन लॉक मी आणलंही होतं.

बोटाने दांडी ओढली. दार उघडलं. मी गुडघ्यांवर बाहेर पडलो.

आत जाऊन टेबलाचा खण उपसला. तळाशी छोटी पुडी होती, पिन मारलेली, वर माझ्या अक्षरात लिहिलेलं, ताई. पिन जशीच्या तशी. पुडी कुठेही फाटलेली नाही.

आत काही नव्हतं.

परत गाडीपाशी गेलो. सीटवर आठ क्लिपा ओळीने होत्या. आणि नवव्या जागी ते लॉक.

मी भावोजींना बोलावलं. उघडं दार दाखवलं, टेप दाखवली. ते वाकून बघतील असं वाटलं होतं. त्यांनी पाहिलंही नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "ती गेली त्याच आठवड्यात मी पॅनेल काढून पाहिलं होतं."

मी विचारलं, मग वर्षभर बोललात का नाही. एक शब्द बोलला असतात तर मी तुमच्या पायावर पडलो असतो.

"खारूला बाप नकोसा झालाच होता. म्हटलं, मामा तरी राहू दे तिला."

मला त्यांचाच राग आला. इतका, की वाटलं पुन्हा कॉलर धरावी. वर्षभर मला भुंकू दिलं या माणसाने. माझा हात वर गेला आणि त्यांच्या खांद्यावर पडला, आणि मग मी काय रडलो ते सांगत नाही.

लॉक बसवलं. त्याच संध्याकाळी खारूला सगळं सांगितलं, टेपसकट. तिने ऐकून घेतलं. आत जाऊन बॅग भरायला लागली. रविवारपर्यंत थांबलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच गाडीत, डावीकडे मागे बसली. दार लावलं. आतून उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. माझ्याकडे बघत. मग भावोजींनी गाडी काढली.

वर्ष झालं. ती माझा फोन घेत नाही. भावोजी घेतात, खुशाली सांगतात. ती गाडी विकली गेली, पॅनेल परत पडलं नाही म्हणतात.

टेप मी दुकानातून फेकून दिली. दुपारी डबा खायच्या आधी शेडमधल्या प्रत्येक गाडीची सगळी दारं सताड उघडी ठेवतो. बॅटरीवाला हसतो. हसू दे.

कारण मधूनमधून, दोन वीसला, कुठल्यातरी गाडीतून अजून येतो तो आवाज.

मी ओरडून सांगतो, ताई, दार उघडं आहे गं.

टक... टक...

परवा तर शेडमध्ये एकही गाडी नव्हती.