दस्त्याखालची चिठ्ठी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही तो दस्ता निवडला. वेळ आठवते, कारण आठ महिन्यांची सेराइना माझ्या कडेवर तेव्हाच रडायची थांबली.

माझ्या नवऱ्याच्या, गिएरीच्या, बंदुकीचा लाकडी दस्ता चिरला होता. गावचा नेमबाजीचा सण पंधरा दिवसांवर. म्हणून आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या तुमाशकडे गेलो. त्याच्याकडे फौजेतून निघालेले जुने दस्ते भिंतीला ओळीनं टेकवलेले असतात. तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास. आमच्याकडे शिपायाची बंदूक घरीच असायची, आणि दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढून आत तो नाव-गावाची चिठ्ठी ठेवायचा.

तुमाश म्हणाला, लाकूड नंतर बघा, आधी चिठ्ठी वाचा. "आत ज्याचं नाव, गोळी सुटतानाचा धक्का त्याला."

"म्हणजे मेलेल्यांकडून हमाली करून घेता का, म्हातारबा?" गिएरी हसला. त्यानं अक्रोडाचा काळा दस्ता उचलला. आत कुणा लिनार्डचं नाव होतं.

घरी आल्यावर गिएरीनं दस्ता बंदुकीला बसवला आणि ती चिठ्ठी चुलीत टाकली. बंदूक पुढं पोरीलाच मिळणार, म्हणून कौतुकानं सेराइनाचं नाव लिहून आत ठेवलं. मीही हसले. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

रविवारी सकाळी तो सरावाला गेला. मी पोरीला पाजत होते. ती एकदम मागं फेकल्यासारखी झाली... मग परत. मी मोजलं, सहा वेळा. अंगडं काढलं तर उजवा खांदा काळानिळा.

गिएरी खुशीत परतला. सहा गोळ्या झाडल्या, धक्काच लागला नाही म्हणाला. मी खांदा दाखवला. त्यानं पोरीला अंगडं परत घातलं.

"सणाला अठराच गोळ्या असतात," तो हळूच म्हणाला. "मग चिठ्ठी काढतो."

तो आंघोळीला गेल्यावर मी पट्टी उघडली. पोरीचं नाव काढलं, माझं घातलं.

सणाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात जमिनीवर पडून अठरा धक्के मोजले. तो छातीवर बिल्ला लावून आला, त्यानं माझा खांदा दाबून बघितला.

"पोरीपेक्षा तुला बरं पेलतं."

मग दर रविवारी. शेवटी माझ्या विव्हळण्याचा त्याला वीट आला, तेव्हा त्यानं बंदूक विकून टाकली, चिठ्ठीसकट. कुणाला, ते सांगत नाही. मी रोज विचारते, तो पाव कापत राहतो.

नवा मालक रोज झाडायचा. मी सोसत होते.

मंगळवारपासून मात्र मला एकही धक्का नाही; कुणीतरी चिठ्ठी बदलली असणार. मला हायसं वाटायला हवं होतं. पण सेराइना झोपेत उजवा खांदा दुसऱ्या हातानं घट्ट दाबून धरते, धक्का येणार असल्यासारखा... आणि अंगावर अजून एकही डाग नाही.

अक्रोडाच्या काळ्या दस्त्याची बंदूक तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच घेतली असेल, तर त्याला एवढं विचारा, आणि पुढच्यालाही विचारायला सांगा: पट्टी उघडलीस का? आत आता कुणाचं नाव आहे?