बाई सांगेपर्यंत

त्या दुपारी मी दवाखान्यात निघाले होते ते नुसते धुतलेले गाऊन पोचवायला. गाऊन माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे. तिला आम्ही भोंगा म्हणायचो, कारण ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जायचं. मीही काही कमी नव्हते म्हणा. आमच्या दोघींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की घरची माणसं उठून दुसऱ्या खोलीत जायची. अशी बाई कित्येक दिवसांत एक शब्द बोललेली नाही, हे मला खरंच वाटेना.

तिची मुलगी वॉर्डच्या दारातच भेटली. रडून डोळे सुजलेले.

“मावशी, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. पण आई तोंडच उघडत नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. नुसत्या सलाईनवर किती काढणार? उद्या नाकातून नळी घालणार आहेत.”

“पण एकाएकी झालं काय?”

“तुमची जुनी शाळा पाडतायत ना, ती बघायला गेली होती. तुमच्या वर्गात जरा वेळ बसून आली म्हणे. आली ती अशीच. तुम्ही बोला तिच्याशी. तुमचं ऐकेल ती.”

वॉर्डात दुपारची सामसूम होती. पंखे संथ फिरत होते, हिरवे पडदे हलत होते, खाटांवरच्या बायका कुशीवर वळून झोपल्या होत्या. औषधांच्या वासात मधूनच खडूचा वास येत होता. भोंगा मात्र उशीला न टेकता ताठ बसलेली. डावा हात छातीशी घडी घातलेला आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर.

ती बसण्याची पद्धत मला ठाऊक होती.

आमच्या शाळेत नियमांना तोटा नव्हता. मधल्या सुट्टीशिवाय पाणी प्यायचं नाही. व्हरांड्यात हसायचं नाही. रिबीन सुटलेली दिसली तर झाडणारी बाईसुद्धा वेणीला हिसका द्यायची. पण आमच्या वर्गाच्या बाईंपुढे बाकीची सगळी देवमाणसं वाटायची. त्या कधी ओरडल्या नाहीत, कधी हात उगारला नाही. “हाताची घडी, तोंडावर बोट,” एवढंच हळू म्हणायच्या. मग त्यांनी स्वतः ‘काढा’ म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही, अगदी हेडमास्तरांनीही. एकीला शिंक आली आणि बोट सुटलं, तर तिला शाळा सुटेपर्यंत तसंच उभं केलं. बाई गेल्या त्याला जमाना झाला, पण माझा राग काही गेलेला नाही.

त्या गेल्या त्याही शाळेतच. एका दुपारी आम्हाला बोट ठेवायला सांगून बाहेर पडल्या आणि व्हरांड्यात कोसळल्या. आम्हाला काय कळणार? आम्ही बसून राहिलो. ऊन फळ्यावरून भिंतीवर सरकलं, मग भिंतीवरूनही गेलं. शेवटी कुणीतरी दारातून म्हणालं, घरी जा. बोट काढा असं कुणीच म्हणालं नाही. मग एकेकीनं आपापलं काढलं, कुणी वाटेत, कुणी जेवायला बसल्यावर.

मी स्टुलावर बसले आणि भोंगाचं मनगट धरलं. ओढून पाहिलं, तसूभर हललं नाही.

“भोंगे, अगं मी आहे. शाळा केव्हाच सुटली गं.”

तिचे डोळे भरून आले. बोटामागचे ओठ कोरडे पडून फाटले होते. काय करावं ते सुचेना, तेव्हा मी मान ताठ केली आणि बाईंच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, “काढा.”

काही झालं नाही. उलट तिलाच माझी कीव आल्यासारखं दिसलं. मला रडू कोसळलं. तिची मुलगी पाठमोरी होऊन खिडकीपाशी पाणी ओतत होती.

तेवढ्यात पडदे हलायचे थांबले. पंखे फिरत होते, पण त्यांचा आवाज येईना. खडूचा वास इतका दाटला की घसा खरवडल्यासारखा झाला. माझ्या मागे कुणाची तरी पावलं आली... सावकाश... आणि माझ्या स्टुलाला लागून थांबली.

“सिस्टर?” मी विचारलं.

मागे वळून बघायचं माझ्यानं होईना.

आणि भोंगाचं बोट खाली आलं. कुणी काही बोललेलं मला तरी ऐकू आलं नाही.

“आई!” पोरगी धावत आली, पेला ओठांना लावला, आणि भोंगा घटाघटा पाणी प्यायली. मायलेकींना बघून माझा जीव भांड्यात पडला. मग भोंगानं पेला बाजूला केला, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि लहान मुलीच्या किनऱ्या आवाजात म्हणाली,

“बाई... हिनं तुम्ही सांगायच्या आधीच काढलं... बघा ना, केव्हाची बोलतेय...”

नळीची गरज पडली नाही. भोंगा चार दिवसांत घरी गेली आणि पुन्हा घर डोक्यावर घ्यायला लागली. ते वाक्य तिला आठवत नाही. ग्लानीत बरळले असेन म्हणते, आणि हसते.

मला हसू येत नाही. बोलायची थांबले की माझा उजवा हात हलका होतो आणि आपोआप वर यायला लागतो. म्हणून तर तुम्हाला एवढं सगळं सांगत बसले. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. जरा जवळ सरका ना... हा हात घट्ट धरा... आणि मी गप्प झाले तरी सोडू नका.