बुधवारचं टेबल

शेंद्र्याच्या ज्या कंपनीत मी काम करते तिथं गाड्यांच्या गिअरचे शाफ्ट तयार होतात. मी तपासणी विभागात आहे. शाफ्टचा व्यास ठरलेल्या मापापेक्षा केसाच्या दहाव्या भागाइतका जरी कमी-जास्त भरला तरी तो मी बाजूला काढते. बारा वर्षं हेच काम करते आहे. पुढचं सांगताना मी अंदाजानं बोलत नाही, एवढं धरून चाला.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याकडं मोजणीचं नवं यंत्र बसवायला इटलीहून दोन इंजिनिअर आले होते. शेवटच्या दिवशी साहेबांनी आम्हा सहाजणांना त्यांच्यासोबत जेवायला नेलं. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात तळमजल्यावर इटालियन रेस्टॉरंट आहे. मी तिथं पहिल्यांदाच जात होते. फिकट रंगाची फरशी, दोन हातांच्या कवेत मावणार नाहीत असे गोल खांब, कुंड्यांत लिंबाची झाडं, मधोमध छोटं कारंजं आणि काचेपलीकडं पोहण्याचा निळा तलाव. तेलात परतलेल्या लसणाचा वास होता. शुक्रवारी दुपारचा एक वाजला होता.

मेनू द्यायला आलेला कॅप्टन चाळिशीचा होता. छातीवरच्या पट्टीवर नोमान असं नाव होतं. त्यानं माझ्यापुढं मेनू ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, आज मावशी नाही आल्या?"

"कोण मावशी?"

"तुमच्या आई."

मी म्हणाले, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. तो लगेच माफ करा म्हणाला आणि मागं सरला. जेवण आलं तेव्हा सगळ्यांच्या पास्त्यात काळे ऑलिव्ह होते, माझ्या बशीत एकही नव्हता. मला ऑलिव्ह आवडत नाहीत. कधी पिझ्झा मागवला तर मी ते वेचून काढते. पण तिथं मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

निघताना सगळे गाड्यांकडं गेले, मी हात धुवायच्या निमित्तानं मागं राहिले आणि नोमानला गाठलं.

"तुम्ही मला ओळखता?"

तो गोंधळला. "प्रेरणा मॅडम ना? ऑक्टोबरपासून येताय. दर बुधवारी, एक वाजता. ते खिडकीजवळचं टेबल." त्यानं बोट दाखवलं. "मावशी पातळ नेसतात, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी सिल्लोडचा, माझी अम्मी पण तशीच बोलते, म्हणून मला त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं."

"त्यांची काही खूण सांगता येईल?"

"उजव्या हाताचा अंगठा अर्धाच आहे. कडब्याच्या मशीनमध्ये गेला, असं त्यांनीच सांगितलं."

ते मशीन मला माहीत होतं. मी सहावीत असताना ते आमच्या गोठ्याच्या पडवीत होतं, आणि आईचा हात पंच्यात गुंडाळून मीच तिला पैठणच्या दवाखान्यात नेलं होतं.

आईला मी नऊ वर्षांत भेटले नव्हते. मी बुद्धभूषणशी लग्न केलं. तो कंपनीत माझ्याच पाळीत होता. नोंदणी झाल्यावर आम्ही दोघं गावी गेलो, तेव्हा वडील अंगणातच आडवे आले. तुझी जात गेली आणि माझी मुलगी गेली, असं म्हणाले. बुद्धभूषणच्या जातीचं नाव त्यांनी कसं घेतलं ते सांगत नाही. आई दारात उभी होती. तिचे हात पिठानं भरलेले होते. तिनं ते पदराला पुसले आणि आत गेली. नंतर वडील, आमचे दादा, वारले, ते मला दहाव्यानंतर कळलं.

त्या संध्याकाळी बुद्धभूषणनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्यासारखी दिसणारी कुणी असेल," तो म्हणाला.

"आणि अंगठा?"

"त्याचं उत्तर सत्यमकडं असेल. विचार त्याला."

सत्यम माझा धाकटा भाऊ, शेती बघतो. वडील गेल्यावर एकदा त्याचा फोन आला होता, त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी फोन लावला. तो अगदी सहज बोलला.

"बोल की ताई. आईला द्यायचाय का?"

"सत्यम, आई बुधवारी कुठं जाते?"

"कुठं म्हंजी? तुझ्याकडंच की. साडेदहाच्या एसटीनं. तू म्हनं तिला शेवाया खाऊ घालतीस, त्या भल्या मोठ्या हाटेलात." तो हसला. "लई खूष असती, ताई. रातचं जेवायला लागलीय आता. मी बी म्हणलं, दादा गेले, आता कुणाची आडकाठी? दिवाळीत तू बोललीस की माझ्याशी तिच्या फोनवर. तवाच म्हणलो होतो ना मी, झालं गेलं सोडून दे म्हणून."

दिवाळीत मी त्याच्याशी बोलले नव्हते. पण आई जेवायला लागली होती. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी मी रजा टाकली. साडेबाराला तिथं पोचले. नोमान मला सवयीनं खिडकीकडं नेऊ लागला. मी म्हणाले, आज मी कोपऱ्यात बसते. त्याला ते विचित्र वाटलं असावं, पण त्यानं खुर्ची ओढून दिली आणि पाणी ओतलं. माझ्यात आणि खिडकीच्या टेबलात एक खांब होता. त्या टेबलाची अलीकडची खुर्ची मला दिसत होती, पलीकडची खांबाआड होती.

एकला तीन मिनिटं कमी असताना आई आली.

ती वाळली होती. कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत हरवलं होतं. पण चाल तीच, डावा पाय जरा घाईनं टाकणारी. नोमाननं तिची पिशवी घेतली, तिला बसवलं. ती दिसणाऱ्या खुर्चीवर बसली, पदर सावरला, आणि समोर बघून हसली.

मग ती बोलायला लागली. शब्द मला कळत नव्हते, मधे कारंज्याचा आवाज होता. ती बोलायची, थांबायची, ऐकायची, मान हलवायची. मधेच तिनं तोंडावर पदर धरला आणि खांदे हलवत हसली. नोमाननं दोन बशा आणल्या. एक तिच्यापुढं ठेवली, दुसरी खांबाआड. तिथं तो जरा वाकला, काहीतरी ऐकलं आणि "हो, मॅडम" म्हणाला. ते तेवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

परत जाताना तो माझ्या टेबलाला जवळजवळ घासून गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी हात वर केला. दुसरा वेटर समोरून आला, त्याचीही नजर माझ्यावरून पुढं गेली. मी "एक्सक्यूज मी" म्हणाले, दोनदा. शेजारच्या टेबलावरच्या बाईनंही मान वळवली नाही. माझ्या ग्लासातलं पाणी संपलं होतं आणि ते भरायला कुणी येत नव्हतं.

मी उठले. खांबापर्यंत सात पावलं होती.

पलीकडची खुर्ची रिकामी होती. मागं सरकवलेली. बशीतला पास्ता निम्मा खाल्लेला. ऑलिव्ह या वेळी चुकून पडले असावेत, ते बशीच्या कडेला ओळीनं काढून ठेवलेले, मोजून पाच.

आईनं वर पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. परक्या माणसाशी वागताना असते तशी अदब होती.

"कोन पायजे, बाई?"

"आई, मी."

"व्हय, पर कोन तुमी?"

"प्रेरणा."

"प्रेरणा हात धुवायला गेलीया," ती म्हणाली. "तुमी तिच्या कंपनीतल्या का? बसा की. येईलच आता."

मला बसता आलं नाही. मी वळले आणि प्रसाधनगृहाकडं गेले.

आत कुणी नव्हतं. तिन्ही दारं उघडी होती, मी प्रत्येकात डोकावून पाहिलं. दुसरी वाट नव्हती. मधल्या नळाखालचं बेसिन ओलं होतं आणि त्यात साबणाचा फेस अजून विरत होता.

मी थांबले. दोन मिनिटं, घड्याळ बघून.

आरशात मीच होते.

मग मी त्याच नळाखाली हात धुतले आणि बाहेर आले.

"किती येळ गं!" आई लांबूनच म्हणाली. "समदं गार झालं की."

मी रिकाम्या खुर्चीवर बसले.

काटा उचलला. त्याची मूठ कोमट होती.

"तुझ्या कंपनीतली एक बाई आली व्हती," आई म्हणाली. "मी बसा म्हणलं, तर गेली बिगीबिगी."

"कशी होती?"

आईनं जरा विचार केला. "व्हती बिचारी. लई दमल्यावानी." आणि मग ती मघाशी अर्धवट राहिलेली एका गाभण गाईची गोष्ट पुढं सांगू लागली. पहिला भाग मला माहीत नव्हता. मी मान हलवत राहिले. नोमान आला, माझ्या ग्लासात पाणी ओतून गेला.

त्यानंतर मी दर बुधवारी जाऊ लागले. कंपनीत रात्रपाळी मागून घेतली, दुपार मोकळी राहावी म्हणून. बुद्धभूषणला सांगितलं की आई भेटते, बोलते. तो म्हणाला, मग झालं तर. बाकीचं त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी दर वेळी एकच अट पाळायची: बाराच्या आत पोचायचं आणि खिडकीजवळच्या पलीकडच्या खुर्चीवर बसून राहायचं. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. आई असेपर्यंत मी हात धुवायलाही उठायची नाही.

ती पास्ता, तिच्या भाषेत शेवाया, हातानंच खायची आणि मला गावाकडचं सांगायची. मी ऐकायची. बोलताना मला फार सांभाळावं लागायचं, कारण ती मधेच म्हणायची, "तू मागं सांगितलं व्हतंस ना, तसंच केलं बघ," आणि मी काय सांगितलं होतं ते मला माहीत नसायचं. मी हो म्हणायची.

पाचव्या का सहाव्या बुधवारी मी धीर केला. म्हणाले, "आई, त्या दिवशी तू दारातून आत गेलीस ना. मला ते अजून..."

तिनं तिचा तो अर्धा अंगठा माझ्या मनगटावर टेकवला. "आता पुन्यांदा कशाला ते? पयल्याच दिवशी बोललो की आपन सगळं. किती रडलो दोघी. त्यो मानूस पानी घेऊन पळत आला व्हता, आठवतंय का?"

मी म्हणाले, आठवतंय.

नोमानला नंतर विचारलं. ऑक्टोबरातला पहिला बुधवार त्याला नीट आठवत होता. "तुम्ही दोघी एवढ्या रडत होता मॅडम, की मी बाजूचं टेबल कुणाला दिलं नाही," तो म्हणाला.

त्या बुधवारी मी कामावर होते. माझी हजेरी आहे, मी तपासून पाहिली. ज्या रडण्यासाठी मी नऊ वर्षं थांबले होते ते होऊन गेलं होतं, आणि मी त्या वेळी शाफ्ट मोजत होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीत ऑडिट लागलं. बुधवारी सकाळी आठपासून माझ्या विभागाची तपासणी होती, सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. मंगळवारी रात्री आणि बुधवारी सकाळी मी आईला फोन लावत राहिले, लागला नाही. सत्यमचाही नाही. एक वाजला तेव्हा मी परीक्षकांसमोर उभी होते. त्यांनी एक आकडा विचारला, तो माझा दोनदा चुकला.

सुटल्यावर साडेपाचला कंपनीच्या फाटकाबाहेर उभं राहून पुन्हा फोन लावला. या वेळी लागला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती घरी पोचली होती.

"आई, आज माझं..."

"पोचले गं नीट. तू बसवून दिलंस त्या एसटीला जागा मिळाली, खिडकीची."

रस्त्यावरून मालाचे ट्रक जात होते.

"एक बोलू का?" आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला, गोठ्यात कुणी ऐकत नाही ना ते बघून बोलायची तसा. "राग नको धरूस. मधी सात-आठ येळा तू आलीस, पर परक्यावानी बसायचीस. समदं जपून बोलायचीस. उठायची बी नाय जाग्यावरनं. मला वाटायचं, माझंच काय चुकलं का काय. घरी येऊन झोप लागायची नाय मला."

"आई..."

"आज कुठं माझी पोरगी परत आल्यावानी वाटली." ती समाधानानं हसली. "म्होरल्या बुधवारी बी आजच्यासारखीच ये."